खिंडारातले तांडेलकाका

तांडेलकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर बोल लावला नाही. जे काही सांगायचं ते देवाला सांगत. फक्त ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस समोर बसलेला असे, आणि आवाज असा की देव तर राहोच, पलीकडच्या वाडीतल्या कोंबड्यांनाही ऐकू जावा. एकदा माझ्या घरी चहाला आले होते. पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या झेरॉक्साच्या घरातली साखर संपली आसा, पण तेका ता सांगूक लाज वाटता. तेच्या घरात साखरेची पोती येवंदेत रे म्हाराजा!" माझी बायको आतून साखरेचा डबाच घेऊन आली. काकांनी दोन चमचे घालून घेतले आणि देवाचे आभार मानले. आमचे नाहीत.

झेरॉक्स म्हणजे मी. वाडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि काकांच्या लेखी माणसाला त्याचा धंदा हेच नाव पुरेसं होतं. त्यांचं स्वतःचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? ते वारले तेव्हा फोंडाघाटहून जावयांचा निरोप आला, त्यात पूर्ण नाव होतं, आणि आम्ही चार-पाच जण 'हे कोण?' म्हणून एकमेकांकडे बघत राहिलो. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, तांडेल!"

आमच्याकडे लग्न असो, होडी पाण्यात घालायची असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण पुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागतो आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. हे 'व्हय म्हाराजा' म्हणायला डोकं लागत नाही. ते लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं, समोरचा आवाज 'म्हाराजा'वर आला की आपोआप बाहेर पडतं. एका लग्नात मंडपवाल्याचा कर्णा सकाळपासून किंचाळत होता. काकांनी नवरानवरीचं सुख मागितलं, पावसापाण्याचं मागितलं आणि त्याच सुरात म्हणाले, "ह्या मंडपवाल्याचो कर्णो खोल दर्यात पडांदेत रे म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाला तो मंडपवाला. हातात वायर धरून.

तांडेल म्हणजे रापणीचा मुख्य. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून पन्नास-साठ माणसांनी ते वाळूवर ओढायचं. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो कुठल्याही घरचा असो. काका मध्ये उभे राहून दोन्हीकडे ओरडत. "दोनय दोरये सारखे येवक व्हये! एक फुडे, एक मागे झालो काय मासळी चलली आपल्या घराक!" रापण ओढताना मात्र ते देवाला मध्ये घालत नसत. तिथे शिव्या थेट असत, आणि त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढे रापणीचे दोर धरायला दोन्हीकडे माणसं मिळेनाशी झाली. त्याला कारण समुद्र नव्हता, पक्ष होता. वरती, मुंबईत, एका पक्षाचे दोन झाले. का झाले ते तिथल्या लोकांनाही नीट सांगता येत नव्हतं, पण आमच्या वाडीत ते लगेच सगळ्यांना समजलं. अण्णा एका बाजूला गेले, बापू दुसऱ्या बाजूला. हे दोघे वाडीचे पुढारी, सख्खे चुलतभाऊ, एका आजोबांचे नातू. दोघांच्या घरांना भिंत एकच. अलीकडे अण्णांचा झेंडा, पलीकडे बापूंचा, आणि वारा पश्चिमेचा असला की अण्णांचा झेंडा बापूंच्या कौलांवर फडफडायचा, त्यावरून एकदा पोलीसपाटलांना यावं लागलं. मग वाडीत भजनी मंडळं दोन झाली. क्रिकेटच्या स्पर्धा दोन झाल्या. हळदीकुंकू दोन, त्यामुळे बायकांना वाणं दोन मिळाली, एवढाच काय तो फायदा. रापणीचा उत्तरेकडचा दोर अण्णांच्या माणसांनी धरायचा की बापूंच्या, यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीपर्यंत बांगडा निघून गेला होता.

आणि या सगळ्या काळात समुद्र पुढे येत होता. तो कुठल्याच बैठकीला हजर नसायचा, त्यामुळे त्याला थांबा म्हणून कुणी सांगितलं नाही. आमच्या लहानपणी काकांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उतरलं की वाळू सुरू व्हायची आणि पाय भाजत भाजत पाण्यापर्यंत जावं लागायचं. ती वाळू गेली, मग सुरूची झाडं गेली, मग माड. विहिरींचं पाणी मचूळ झालं. मे महिन्यात, जेव्हा समुद्राने गुमान झोपून राहायचं असतं, तेव्हा वादळं येऊ लागली. काकांनी आपल्या समोरच्या माडांना बोटींसारखी नावं दिली होती. एकेक पडला की सकाळी माझ्या दुकानात येऊन सांगत, "आज लक्षुमी गेली." मी विचारायचो, "किती राहिले?" ते म्हणायचे, "मोजूक नाय. मोजले काय दर्याक कळता."

अशा वेळी शहरातून जाणकार मंडळी आली. हवामानबदलावर कार्यशाळा होती. ती एका रिसॉर्टमध्ये, दारंखिडक्या लावून घेतलेल्या थंडगार हॉलमध्ये झाली. आम्ही कोळी-शेतकरी लोक पंचे गुंडाळून कुडकुडत बसलो होतो आणि पडद्यावर पृथ्वी तापत होती. अण्णांच्या लोकांनी ती भरवली म्हणून पुढच्याच आठवड्यात बापूंच्या लोकांनी तीच भरवली. तीच बाई, तोच पडदा, जेवण मात्र बापूंचं बरं होतं. बाई चांगली होती, मनापासून सांगत होती. तिने काकांना विचारलं, "काका, तुमच्या आयुष्यात इथे काय काय बदललं?" काका उठले. "काय बदलला ता माका कित्याक इचारतंस, बाय? ह्या वाडीत काय बदलूक नाय ता इचार." आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बापूंकडे नुसतं बघितलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

शेवटी किनाऱ्याला दगडी बंधारा बांधायचं ठरलं. सरकारी भाषेत धूपप्रतिबंधक बंधारा. त्यासाठी दोन्ही बाजूंचे अर्ज मीच टाइप केले. अण्णांचा आधी केला. बापू आले तेव्हा मी तोच उघडला, खालचं नाव बदललं आणि 'तीव्र मागणी'च्या जागी 'अतितीव्र मागणी' घातलं. दोन्ही अर्ज मंजूर झाले, अर्धे अर्धे. अण्णांनी उत्तरेकडून सुरुवात केली, बापूंनी दक्षिणेकडून. अण्णांनी बंधारा पार पाण्याच्या तोंडाशी घेतला, कारण त्यांच्या माणसांची पर्यटकांची हॉटेलं त्याच्या आत यायला हवी होती. बापूंनी तो बराच मागे घेतला, कारण त्यांच्या माणसांच्या बोटींना पुढे वाळू हवी होती. काळे धोंडे घेऊन डंपर दोन्हीकडून पळत होते. दोन्ही बंधारे मध्यावर आले तेव्हा दिसलं की एकाचं टोक समुद्राकडे आहे, दुसऱ्याचं जमिनीकडे, आणि मध्ये चाळीसेक पावलांचं खिंडार. ते बुजवणं हे समोरच्याचं काम आहे असं दोघांनीही जाहीर केलं, आपापल्या टोकाला नावाची कोनशिला बसवली, नारळ फोडला आणि घरी गेले. त्या खिंडारात एकच घर होतं. तांडेलकाकांचं.

बंधारा नव्हता तेव्हा पाणी वाडीभर सारखं यायचं. आता दोन्हीकडून अडलेलं सगळं पाणी त्या खिंडारातून घुसू लागलं, आधी काकांच्या खळ्यात आणि तिथून मागच्या घरांकडे. काका खुर्ची टाकून खिंडारात बसत. अण्णा येत आणि म्हणत, "काका, आमच्या मेळाव्याक येवन बसा, उद्या डंपर धाडतंय." बापू येत आणि तेच म्हणत, फक्त मेळावा वेगळा. काका दोघांनाही सरबत पाजून परत पाठवत. काकींना हे सहन होत नव्हतं. मी तिथेच होतो तेव्हा एकदा त्या म्हणाल्या, "तुमी सगळ्या वाडीसाठी मागलात. आपल्या घरासाठी एक शब्द काढूक नाय." काका म्हणाले, "गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपणासाठी मागूचा नसता गो. मगे लोक व्हय कशाक म्हणतीत?" काकींनी सरबताचे पेले जरा आपटूनच उचलले. मला तेव्हा काकींचं पटलं होतं. आजही पटतं.

नारळी पौर्णिमा आली. आदल्या वर्षी दोन बाजूंनी दोन नारळ वाहिले होते, आणि काकांनी दोन ठिकाणी गाऱ्हाणं घालायला नकार दिल्यामुळे बापूंनी कुठून तरी गाऱ्हाणं मोबाइलवर भरून आणून कर्ण्यावर लावलं होतं. ते रंगात आलेलं असताना मध्येच एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपला रिचार्ज संपत आला आहे." त्यालाही चार म्हाताऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकलं. त्या वर्षी मासळी मिळाली नाही. समुद्र तापला म्हणून मिळाली नाही हे कार्यशाळेत सांगितलं होतं, पण वाडीचं मत रिचार्जचं पडलं. त्यामुळे या वर्षी दोघेही काकांकडे आले. काका म्हणाले, "एकच नारळ, एकच गाऱ्हाणा, आणि ता हंय, खिंडारात. येवचा तर दोघांनीय येवा." दोघेही आले. सोन्याचा कागद लावलेल्या नारळाला दोघांनी दोन बाजूंनी हात लावला होता आणि दोघांचे फोटोवाले आपापल्या बाजूने फोटो काढत होते.

काका पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. "बा दर्याराजा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. "तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "वरसभर आमच्या हातसून काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" जाळ्याला मासळी मागितली, मासळीला गिऱ्हाईक मागितलं, मुंबईला गेलेल्यांना सुखरूप ठेवायला सांगितलं. सूर लागला होता, लोकांचे डोळे मिटले होते, अण्णा-बापूंचेही. आणि त्याच सुरात, जराही न थांबता, काका म्हणाले, "एका आज्याचे नातू, हो अण्णा आणि हो बापू, तिरपुरी पुनवेच्या आत एक होवन ह्या खिंडार बुजवतले रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" दोघेही म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, स्वच्छ ऐकलं. "बुजवल्याशिवाय दोघांतलो एकय मत मागूक कोणाच्या दारात येवचो नाय रे म्हाराजा!" एव्हाना दोघांचे डोळे उघडले होते आणि तोंडं मिटली होती. पण मागच्या बायकांनी जे 'व्हय म्हाराजा' म्हटलं ते मालवणच्या धक्क्यावर ऐकू गेलं असेल. नारळ पाण्यात पडला. देवापुढे निघालेला शब्द परत घ्यायची आमच्याकडे सोय नाही.

तरी चतुर्थी गेली, दसरा गेला, धोंडा हलला नाही. मग बापू स्वतःच्याच अंगणात घसरून पडले आणि पाय प्लास्टरात गेला. चार दिवसांनी अण्णांची नवी गाडी ऐन घाटात बंद पडली. निवडणूक तोंडावर आलेली. त्रिपुरी पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले तेव्हा दोघे चुलतभाऊ इंजिनियरला घेऊन खिंडारात उभे राहिले. इंजिनियर म्हणाला, दोन टोकं जुळवायची तर एकाला तरी थोडं हलावं लागेल. बापूंनी पुढे यावं किंवा अण्णांनी मागे. दोघेही नाही म्हणाले, कारण जो हलेल त्याचा बंधारा आधी चुकला होता असं झालं असतं. मग इंजिनियरने नकाशावर एक तिरकी रेघ ओढली. त्या रेघेत कुणालाही एक धोंडा हलवावा लागत नव्हता. फक्त ती काकांच्या घराच्या मागून जात होती. घर समुद्राच्या बाजूला राहणार होतं.

या रेघेवर दोघांचं एकमत झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काकांची हरकत नाही असा कागद हवा होता. तो मीच टाइप केला, आणि दोघांबरोबर काकांकडे नेलाही मीच. अण्णा आणि बापू एका बाकावर बसले. अण्णा म्हणाले, "काका, मुदत तुमीच घातलात. आता दुसरा काय करूक टायम नाय." बापू म्हणाले, "मागची चाळीस घरां वाचतली." ते खरं होतं. त्या चाळीसात माझं एक होतं. दोघांनीही काकांना दुसरी जागा द्यायचं कबूल केलं, म्हणजे पुढे कुणीच दिली नाही.

काकांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हे दोगे भाव आज एका बाकार बसले. आता तेंका उठवू नको रे म्हाराजा!" आम्ही तिघे समोर होतो. काकी दारात होत्या. कुणाच्याच तोंडून काही निघालं नाही. काकांनी थोडी वाट पाहिली आणि 'व्हय म्हाराजा' स्वतःच म्हणून टाकलं, हळू आवाजात. तसा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी कागद वाचायला मागितला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एका शब्दाशी बोट थांबलं. "ह्या 'स्वखुशीने' काढ रे, झेरॉक्स. बाकी सगळा बरा आसा." मी म्हणालो, "काका, नमुनो तसोच आसता." दुकान दोन मिनिटांवर होतं. मी तो शब्द काढून दुसरी प्रत आणू शकलो असतो. अण्णा घड्याळ बघत होते, बापूंचा प्लास्टरातला पाय ठणकत होता, आणि मला वाटलं, एका शब्दाने काय होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, देवाला काही सांगितलं नाही, आणि सही केली. मला त्या दिवशी त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बंधारा मुदतीच्या दोन दिवस आधी पुरा झाला. दोघांनी मिळून उद्घाटन केलं आणि निवडणुकीचा निकाल लागल्यावर तो कुणामुळे झाला यावरून पुन्हा भांडायला लागले. काका-काकी फोंडाघाटला लेकीकडे गेले. जाताना काकांनी जाळं नेलं नाही, खुर्ची तेवढी नेली. मी एकदा फोन केला, कसं वाटतं विचारलं. म्हणाले, "बरा आसा. हंय डोंगर आसा. तो हलणा नाय. सकाळी उठान बघूचा काय?" मी काकींच्या गुडघ्यांची चौकशी केली.

आषाढात मोठं उधाण आलं, वाऱ्यासकट. सकाळी सगळी वाडी बंधाऱ्यावर जमली. लाटा धोंड्यांवर आपटत होत्या आणि मागे फिरत होत्या. बंधारा पक्का होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या पलीकडे काकांचं घर एकटं उभं होतं. आधी पडवी गेली. मग एका बाजूची कौलं एकदम घसरली. दुपारपर्यंत चौथरा उघडा पडला होता आणि देवघराच्या कोनाड्यातून पाणी आरपार जाताना दिसत होतं. उत्तरेच्या टोकाला अण्णा आणि दक्षिणेच्या टोकाला बापू, बंधाऱ्याने वाडी कशी वाचवली हे आपापल्या मोबाइलवाल्यांना सांगत होते. काकांना कळवायला हवं होतं. कुणी पुढे होईना, म्हणून मी तिथूनच फोन लावला.

काकांनी माझा आवाज ओळखला, मागचा समुद्रही ओळखला असणार. घराचं विचारलं नाही.

"पाणी बंधाऱ्याच्या आत इला?"

"नाय, काका."

"कोणाच्या दारात?"

"खंयच नाय."

"मगे बरा झाला," म्हणाले, आणि थोडा वेळ नुसतेच लाटा ऐकत राहिले. मीही फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवला तेव्हा मी खाली पाहिलं. माझ्या चपलासुद्धा भिजल्या नव्हत्या.